जिप्सीत इस्टीमचा क्रँक: चौदा महिने आणि ११,००० किलोमीटरनंतर

माझी मारुती जिप्सी किंग २००३ची, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली), सोळा व्हॉल्व्हवाली. घेतली तेव्हाच इंजिनात खालून ठोके येत होते. आधीचे मालक म्हणाले, "टॅपेट आहे हो, सेट करून घ्या," म्हणजे व्हॉल्व्हचा किरकोळ आवाज. कात्रजच्या जुन्या घाटात हे टॅपेट असं काही वाजायला लागलं की बोगदा ओलांडून मी गाडी बंदच केली आणि टोइंगवाल्याला फोन लावला. संप (इंजिनाखालचं ऑइलचं पात्र) उतरवला तर तिसऱ्या सिलिंडरचं बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं) फिरलेलं, क्रँकच्या, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणाऱ्या दांड्याच्या, पिनवर नखाला लागतील असे चरे, आणि तापून निळी झाक. वरचं हेड आणि सिलिंडर असलेला ब्लॉक मात्र वाचले होते.

दोन फिटरनी एकच सल्ला दिला: जुनं पूर्ण इंजिन आणा, टाका, मोकळे व्हा. मला ते नको होतं. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. ब्लॉक बदलला की आरसीवर नोंद आली, म्हणजे संगम पुलाजवळच्या आरटीओच्या फेऱ्या आल्या. माझी पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी आधीच कशीबशी झालेली. म्हणून ठरवलं, ब्लॉक माझाच आणि आतला माल मारुतीच्याच जुन्या इस्टीम सेडानचा.

हे जमतं, कारण दोन्ही गाड्यांत सुझुकीचं जी१३ इंजिन आहे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५, म्हणजे १२९८ सीसी. कागदावर इस्टीम ८५ बीएचपीची आणि जिप्सी ८०ची, पण त्या पाच घोड्यांसाठी हा खटाटोप नव्हता. इस्टीमचा माल स्वस्त मिळतो, एवढंच. इस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं आणि जिप्सीत लांबीत, म्हणून संप, ऑइल स्ट्रेनर, फ्लायव्हील, माउंटिंग यांतलं काहीही इस्टीमचं घेतलं नाही.

भोसरीच्या एका भंगारवाल्याकडे मागून ठोकलेल्या इस्टीमचं हाफ इंजिन (हेड नसलेलं) ९,००० रुपयांत मिळालं. त्यातून क्रँक आणि चारही कनेक्टिंग रॉड घेतले. रॉड त्यांच्या कॅपसकट एकत्र बांधून, पेंटने नंबर टाकून आणले. रॉड आणि कॅप जोडीनेच मशिन केलेले असतात. एकाची कॅप दुसऱ्याला लावली की भोक गोल राहत नाही.

पिस्टनच्या बाबतीत नाना पेठेत मोह झाला होता. दुकानदार म्हणाला, "साहेब, तेराशेचाच आहे, आठ व्हॉल्व्हचा सेट टाका, निम्म्यात पडेल." बोअर तोच, पण पिस्टनचं डोकं वेगळ्या घडणीचं. सोळा व्हॉल्व्हच्या हेडखाली तो घालायचा म्हणजे कम्प्रेशनचा जुगार. मी ०.५० ओव्हरसाइजचे (मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठे) सोळा व्हॉल्व्हचेच नवे पिस्टन आणि रिंगा घेतल्या. लेथवाल्या काकांनी पिस्टन हातात पडेपर्यंत ब्लॉकला हात लावला नाही. "आधी पिस्टन, मग बोअर," एवढंच बोलले, आणि प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याच्या मापाने सिलिंडर आतून तासला.

जुन्या बलेनो सेडानचा १.६चा क्रँक घालून सीसी वाढवता येईल का, असं बरेच जण विचारतात. त्याचा स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे, जी१३पेक्षा साडेचौदा जास्त. बाकी सगळं तेच ठेवलं तर पिस्टन सव्वासात मिलिमीटर वर येईल, म्हणजे थेट हेडमध्ये. तो विषय तिथेच संपतो.

आता माझा मूर्खपणा. इस्टीमचा क्रँक मापात होता, फक्त पॉलिश करून घेतला. त्याच्या मेन बेअरिंगही (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांवर फिरतो त्या) चकचकीत दिसल्या. मी मनाशी म्हटलं, क्रँकबरोबर या इतकी वर्षं फिरल्यात, यांची जोडी जमलेलीच आहे. त्याच बेअरिंग माझ्या ब्लॉकमध्ये टाकल्या. गाडी सुरू झाली, छान चालली. १,८०० किलोमीटरनंतर एका दुपारी सिंहगडावरून उतरून डोणज्यात थांबलो, तर आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकायला लागला. रेस केली की जायचा, सोडला की परत.

काकांनी संप उतरवायला लावला आणि क्रँकवर प्लास्टिगेजचा धागा (दबून किती पसरतो त्यावरून फट मोजतात) ठेवून कॅप आवळल्या. मेन बेअरिंगमधली फट ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर असावी, ०.०६ ही मर्यादा. माझ्या दोन बेअरिंग ०.०७च्या पुढे. मग त्यांनी क्रँकवर ठोकलेले आकडे आणि ब्लॉकच्या खालच्या कडेवरच्या खुणा दाखवल्या. कारखान्यात क्रँकचं माप आणि ब्लॉकच्या भोकाचं माप एकत्र बघून बेअरिंगची जाडी ठरते. स्टँडर्ड बेअरिंगच पाच जाडीच्या असतात आणि कडेला रंग लावलेला असतो: हिरवा, काळा, बिनरंगी, पिवळा, निळा. म्हणजे मी आणलेल्या बेअरिंग त्या दुसऱ्या ब्लॉकचं भोक बघून निवडलेल्या होत्या, माझ्या ब्लॉकशी त्यांचा काही संबंध नव्हता. क्रँक बदलला की हा हिशेब पुन्हा मांडायचा. नव्या बेअरिंग, नवं पॅकिंग, नवं ऑइल मिळून ६,००० रुपये आणि दोन रविवार गेले. हेड उतरवावं लागलं नाही, एवढंच नशीब.

त्यानंतर दिवा लागलेला नाही. बोपदेव घाट, ताम्हिणी, दर पंधरवड्याला पानशेतकडची शेती, एसी नसल्याने मे महिन्यात माझा घाम, सगळं झालं. शहरात १० आणि हायवेला १३चं अ‍ॅव्हरेज पडतं. पाच हजारांत जेमतेम अर्धा लिटर ऑइल भरावं लागतं. पूर्वी दर महिन्याला डबा डिकीत असायचा. पिकअप वाढला असं मित्र म्हणतात, मला तो नव्या रिंगांचा परिणाम वाटतो. सकाळी थंड इंजिनाला टॅपेटचा आवाज येतो, या वेळी खरोखरच टॅपेटचा. एकूण खर्च ४१,००० झाला. त्यातले ते सहा हजार वाचले असते.

एक दुखणं मात्र राहिलंय. इस्टीमच्या क्रँकवर मागच्या ऑइल सीलने इतक्या वर्षांत बारीक खाच पाडली होती. बोटाला लागत होती, तरी मी 'सील नवं आहे ना' म्हणून सोडून दिलं. नवं सील नेमकं त्याच खाचेवर बसलं. ते दोनेक मिलिमीटर आत-बाहेर दाबून बसवलं असतं तर त्याला कोरी जागा मिळाली असती. आता रात्रभरात बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली) ऑइलचे दोन-तीन थेंब पडतात. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा जीव होत नाही. क्लच जाईल तेव्हा बघू. तोवर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली पुठ्ठा ठेवतोय, शेजारच्या जोशीकाकूंनी स्वतः आणून दिलाय.