इलेक्ट्रिक स्मोकर, आठ महिन्यांनंतर: धुरी खरी, आकडा खोटा

गेल्या आठवड्यात मांस धुरीला लावलेलं असतानाच डिस्प्लेवर 'एरर' झळकलं, म्हणून हे आत्ता लिहितोय. नाहीतर वर्ष पुरं होऊ देणार होतो. 30 इंची, 800 वॉटचं, बाजूने लाकडाच्या चिप्स टाकून मांस धुरावर शिजवायचं ते नेहमीचं कपाट. त्यात मुख्यतः टर्की ब्रेस्टच झाली. अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण उलटला की गोठवलेली ब्रेस्ट ज्या भावात मिळते तो, आणि डेलीत, म्हणजे तयार मांसाच्या दुकानात, त्याच्याच पातळ कापांना लावतात तो, हे दोन भाव शेजारी ठेवले की स्मोकर का घेतला ते वेगळं सांगायला नको.

तक्रार एकच, पण पुरून उरणारी: थर्मामीटर. 225 फॅरनहाइट लावा, डिस्प्ले इमानदार चेहऱ्याने 225 दाखवतो आणि मधल्या जाळीवर वेगळा प्रोब (तापमान मोजायची सुई) अडकवला की तिथे 250. मांसात खुपसायचा सोबतचा प्रोब तर त्याच्याही वरताण. ग्लासभर ठेचलेला बर्फ, वर जेमतेम पाणी, दोन मिनिटं ढवळून प्रोबचं टोक मधोमध धरा. 32 यायला हवं. हा 39 म्हणतो. तीच चूक वरपर्यंत धरली तर डिस्प्लेवर 165 दिसताना आत 158 असतं. यूएसडीएचा, म्हणजे अमेरिकी कृषी खात्याचा, टर्कीसाठीचा आकडा 165 आहे.

यावर कोणी म्हणेल, कापून रंग बघ. साध्या टर्कीतही रंगावर भरवसा ठेवू नये, आणि क्युअर केलेली (नायट्राइट मिसळलेल्या मिठाने मुरवलेली) तर पूर्ण शिजली तरी नायट्राइटमुळे हॅमसारखी गुलाबीच राहते. शिजलंय की नाही हे फक्त थर्मामीटर सांगतो, आणि नेमका तोच खोटं बोलतो. एवढी चिडचिड उगाच नाही.

खारवण्याचं माप एकदा लिहून ठेवतो. बिनहाडाची ब्रेस्ट 1500 ग्रॅम, पाणी 1500 ग्रॅम, एकूण 3000. या एकूण वजनावर मीठ 2 टक्के धरायचं, क्युअर नंबर 1 (नायट्राइट मिसळलेलं गुलाबी मीठ) पाव टक्का, साखर 1 टक्का. म्हणजे क्युअर 7.5 ग्रॅम, त्यातलं 7 ग्रॅम मीठच असतं, म्हणून वेगळं मीठ 53 ग्रॅम आणि साखर 30. मिरी, तमालपत्र, लसूण हवं तसं. मसाला उकळला असेल तर पाणी पूर्ण गार होऊ द्या, क्युअर त्यानंतरच घाला. फ्रीजमध्ये 38 फॅरनहाइटच्या आसपास पाच-सहा दिवस, मांस पूर्ण बुडालेलं, रोज एकदा उलटं करायचं. जाड भागात याच पाण्याची सुई मारली नाही तर मधोमध करडा डाग राहतो. क्युअर तिथवर पोचलेलं नसतं.

कप-चमच्याने मोजू नका. जाडसर दाण्यांच्या कोशर मिठाचा एक कप एका ब्रँडचा 140 ग्रॅमच्या आत भरतो, दुसऱ्याचा 240 च्या आसपास. क्युअरसाठी 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. पाकिटावर अमुक टक्के 'सोल्यूशन' लिहिलेलं असेल तर मांसात मीठ आधीच टोचलेलं आहे. वरचं माप लावलंत तर खारट ढाण होईल. तिथे मीठ दीड टक्क्यावर आणा.

आणि आपल्या स्वयंपाकघरांसाठी खास: क्युअर गुलाबी, सैंधव गुलाबी, दळलेलं पादेलोणही गुलाबीसरच. सैंधवात नायट्राइट नसतं, त्याने क्युअर होत नाही. उलटी चूक जास्त वाईट, क्युअर चुकून ताकात पडलं तर ते विष आहे. मसाल्याच्या फळीवर ठेवूच नका. नंबर 2 ची पुडीही इथे चालत नाही, ती महिनोन्‌महिने वाळवायच्या मांसासाठी.

खारवणाच्या पाण्यातून मांस बाहेर काढल्यावर धुवायचं, टिपून कोरडं करायचं आणि जाळीवर उघडंच रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. सकाळी बोट लावलं की पृष्ठभाग किंचित चिकट, ताणलेला लागला पाहिजे. ओल्या मांसावर धुराचे काळे ओघळ येतात आणि ते कडवट लागतात. सफरचंदाच्या चिप्स मूठभर, कोरड्याच, दर पाऊण तासाने, दोन तास पुरे. वरचं भोक पूर्ण उघडं ठेवा. धूर कोंडला की काजळीची चव येते. पाण्याचा ट्रे रिकामाच बरा, या कपाटात दमटपणा मुळातच जास्त. 225 वर तीन-साडेतीन तास लागतात, पण घड्याळ नव्हे, आतलं तापमान बघायचं. कातडी वातडच राहते. शेवटी ओव्हनच्या ब्रॉयलरखाली तीन मिनिटं धरा किंवा सरळ काढून टाका.

आता थोडं माघार घेणं भाग आहे. मागच्या भिंतीवरच्या सेन्सरवर आठ महिन्यांचा धुराचा थर बसला होता. व्हिनेगरच्या पाण्याने पुसल्यावर 25 अंशांची तफावत 15 वर आली. गार ब्रेस्ट सेन्सरला खेटून ठेवली की सेन्सर तिचाच गारवा मोजतो, हीटर उगाच चालू राहतो आणि पुढची बाजू भाजून चोथा होते. मांस चार बोटं पुढे सरकवलं तर तफावत आणखी उतरली. म्हणजे अर्धा दोष ठेवण्याचा. उरलेला अर्धा, आणि तो मांसाचा प्रोब, मात्र कंपनीचाच. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरही वापरू नका. व्होल्टेज पडतं आणि न्यू जर्सीच्या जानेवारीत कपाट 200 च्या वर चढायलाच तयार नसतं.

सर्व्हिसने आधी पावती मागितली, मग फोटो, मग बर्फाच्या ग्लासचा व्हिडिओ, आणि शेवटी 'एवढा फरक नॉर्मल आहे' असं कळवलं. एररचा फोटो गेला तेव्हा कुठे वॉरंटीत नवा कंट्रोलर आणि प्रोब पाठवला. पाचपैकी तीन तारे; धुरीला चार दिले असते. वेगळा दोन प्रोबवाला थर्मामीटर त्याच दिवशी मागवा आणि तो खर्च स्मोकरच्या किमतीतच धरा.

नवा प्रोब काल बर्फात धरला. 36.