फुकटातली लिंक छोटी करणारी साइट, गणपतीपासून वापरून आलेला अनुभव

साइटचं नाव घेत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळासाठी गणपतीपासून वापरतोय आणि सुरुवातीला मी सगळ्यांना हीच घ्या म्हणून सांगत होतो. वर्गणीच्या फॉर्मची लांबलचक लिंक पावतीवर छापता येते, किती जणांनी उघडली ते दिसतं, खर्च शून्य.

मग उत्तरायणाच्या सुमारास त्यांनी मध्येच जाहिरातीचं पान घुसवलं. लिंक दाबली की आधी "तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे" असं मोठं हिरवं बटण, आणि खरा फॉर्म खाली बारीक अक्षरात. आमच्या पावत्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात आहेत हो! शेजारच्या काकूंनी तेच बटण दाबलं, कुठलं तरी ॲप उतरायला लागलं, नशीब मुलगा घरी होता. सपोर्टला मेल केली तर म्हणे पेड प्लॅन घ्या. संताप आला. लिंक आमची, पावती आमची, पण दाबल्यावर माणूस कुठे जाईल हे मधला ठरवणार. गूगलनेसुद्धा आपली छोट्या लिंकची सेवा २०१९ मध्ये बंद केली, नंतर जुन्या लिंकही २५ ऑगस्ट २०२५ ला बंद म्हणाले, मग ऐनवेळी वापरातल्या चालू ठेवल्या.

एक गोष्ट मात्र फार आवडली, बिटली या लिंक छोटी करणाऱ्या साइटच्या लिंकच्या शेवटी + लावून उघडली की आत न जाता आधी मूळ पत्ता दिसतो. मी आल्यागेल्याला हेच सांगत सुटलो. पण आता मत थोडं बदललंय, कारण त्या मूळ पत्त्याच्या जागी अजून एक छोटी लिंक असेल तर पुढची उडी दिसत नाही, आणि व्हॉट्सॲपवरची लिंक कॉपी करून मागे + कोण लावत बसणार, काकू तर नाहीच. तरी हे प्रत्येक साइटवर असायलाच पाहिजे, आणि फुकट, यावर मी ठाम आहे.

शेवटी मंडळाचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या वेबसाइटचं नाव, होतंच, त्याच्यावरच छोटा पत्ता केला, एक रुपया जास्त लागला नाही. जुन्या पावत्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना फोन करून सांगतोय की ती लिंक दाबू नका, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पाचात एक स्टार, तोही उत्तरायणाच्या आधीच्या महिन्यांसाठी.