'मॅड मॅक्स' आधी बघावा की 'द क्वाएट अर्थ'?

जगबुडीनंतरच्या गोष्टी आवडतात, पण कोसळत्या मनोऱ्यांचे आणि संगणकावर रंगवलेल्या लाटांचे सिनेमे बघून डोळे विटलेत, असं कुणी म्हणालं की मी दोन जुनी नावं पुढे करतो. ऑस्ट्रेलियातला १९७९चा 'मॅड मॅक्स' आणि न्यूझीलंडमधला १९८५चा 'द क्वाएट अर्थ'. दोन्ही साधारण दीड तासाचे, दोन्ही हॉलिवुडपासून हजारो मैलांवर, बेताच्या पैशांत उभे राहिलेले. मग पुढचा प्रश्न येतो: शनिवारची एकच रात्र मोकळी आहे, तर कुठला बघू? इतकी वर्षं मी 'दोन्ही बघ' असं सांगत आलो. पण विचारणाऱ्याला निवड करायची असते आणि या दोन सिनेमांत निवड करता येते. कारण दोघांकडे पैसा कमी होता हे खरं असलं, तरी तो कमी पडला वेगवेगळ्या ठिकाणी.

'मॅड मॅक्स'ची गोष्ट मॅक्स नावाच्या पोलिसाची (मेल गिब्सन) आणि बाइकवाल्यांच्या एका टोळीची. खर्च साडेतीन ते चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरातला. दिग्दर्शक जॉर्ज मिलर पेशाने डॉक्टर. सिडनीच्या रुग्णालयात काम करताना त्याने रस्ते अपघातात चेंदामेंदा झालेली माणसं रोज पाहिली होती. निर्माता बायरन केनेडी त्याचा मित्र. पैसे कमी, म्हणून काटकसर कुठे केली ते पडद्यावर दिसत नाही, पण माहीत असलं की गंमत वाढते. बहुतेक पोलीस रेक्झिनसारख्या नकली चामड्यात वावरतात. सुरुवातीच्या पाठलागात जी निळी व्हॅन फुटते ती खुद्द मिलरची. टोळीतले बरेचसे बाइकवाले खरोखरचे बाइकवाले होते. वाचवलेला पैसा गेला तो गाड्या, रस्ता आणि कॅमेरा यांच्यात, आणि तिथे मात्र हा सिनेमा आजही कुणाला हार जात नाही.

कॅमेरा रस्त्याला इतका चिकटून धावतो की डांबराचे खडे दिसतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कुठली गाडी कुठे आहे, कोण कुणाच्या मागे आहे, धडक कुठल्या कोपऱ्यावर होणार आहे, हे प्रत्येक क्षणी कळत असतं. आजच्या कितीतरी महागड्या पाठलागांत हे कळत नाही. नुसता आवाज होतो आणि चित्र हलतं. मिलर आधी नकाशा डोक्यात भरतो आणि मग घाबरवतो. धडक बसायच्या निमिषभर आधी खोबणीतून बाहेर येणारे डोळे तो दाखवतो, तेही पापणी लवायच्या आत संपणाऱ्या कटमध्ये. सर्वांत भयंकर प्रसंगात तर तो काहीच दाखवत नाही. बाइक निघून जातात आणि रस्त्यावर लहान मुलाचा एक बूट घरंगळत येतो. ज्याने अपघात विभागात रात्री काढल्यात त्यालाच कुठे थांबायचं हे इतकं नेमकं माहीत असतं, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

कमी पडतं ते जग. सिनेमा 'आजपासून काही वर्षांनी' एवढीच वेळ सांगतो. न्यायालयाची इमारत मोडकळीला आलेली आहे, पोलीस मूठभर उरलेत, पण आइस्क्रीमचं दुकान चालू आहे आणि नायक बायकोमुलाला घेऊन सुट्टीवर जातो. वाळवंट, टोळ्या, पेट्रोलच्या थेंबासाठीची युद्धं हे सगळं १९८१च्या दुसऱ्या भागातलं. पोस्टरं आणि पुढचे भाग बघून ज्याच्या मनात ते चित्र बसलंय, त्याची इथे हमखास निराशा होते. हा जगबुडीनंतरचा नव्हे, जगबुडीच्या उंबरठ्यावरचा सिनेमा आहे. मला ते आवडतं. १९७३च्या तेलटंचाईत पेट्रोल पंपांवर माणसं कशी हातघाईवर आली, हे पाहून ही पटकथा सुचली, आणि सगळं कोसळण्याआधीचा हा अर्धवट काळ त्यात फार खरा उतरलाय. तरीही मान्य करायला हवं की या जगाला खोली नाही. सत्ता कुणाची, माणसं कशावर जगतात, शहरात काय चाललंय, यातलं काही कळत नाही, कारण ते दाखवायला पैसेच नव्हते.

मधली पंचवीस-तीस मिनिटं रेंगाळतात. खलनायकांचा अभिनय नाटकी आहे. ह्यू कीझ-बर्नचा 'टोकटर', म्हणजे टोळीचा म्होरक्या, तेवढा सुटतो, कारण त्याच्या नाटकीपणात खरा धोका जाणवतो. ब्रायन मे या ऑस्ट्रेलियन संगीतकाराचं पार्श्वसंगीत जिथे शांतता पुरली असती तिथेही छाती पिटतं. आणि मॅक्सची बायको ही व्यक्ती म्हणून घडतच नाही. ती हसते, घाबरते, पळते. तिच्या वाट्याला जे येतं ते मॅक्सला पेटवण्यासाठी येतं. ही तक्रार मला दर वेळी आधीपेक्षा जास्त बोचते.

आता 'द क्वाएट अर्थ'. दिग्दर्शक जेफ मर्फी, आणि मुख्य भूमिकेत त्याचा जुना साथीदार, मूळचा ड्रमवादक असलेला ब्रूनो लॉरेन्स. क्रेग हॅरिसनच्या १९८१च्या कादंबरीवरून घेतलेली ही गोष्ट. झॅक हॉब्सन नावाचा शास्त्रज्ञ सकाळी जागा होतो. घड्याळ ६:१२ वर थांबलेलं. फोन लागत नाही, रेडिओवर कुणी नाही, रस्त्यावर कुणी नाही. विमान कोसळलंय, पण त्यात एकही प्रेत नाही. सीटबेल्ट लावलेले आणि माणसं गायब. तो ज्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा प्रकल्पावर काम करत होता त्याचा यात हात आहे, हे त्याला लवकरच कळतं.

इथे खर्चाचा हिशेब उलटा आहे. 'मॅड मॅक्स'ला दर मिनिटाला काहीतरी फोडावं लागतं, याला फक्त माणसं काढून टाकायची आहेत. सेट उभारावा लागत नाही, शहर आहेच. ऐकायला हे सोपं वाटतं, पण रिकामा रस्ता दोन मिनिटांनी कंटाळवाणा होतो. तो कंटाळवाणा होऊ नये म्हणून एकच गोष्ट लागते, आणि ती म्हणजे पडद्यावर एकटा उभा राहू शकणारा नट.

ब्रूनो लॉरेन्स तो नट आहे. टक्कल पडू लागलेला, मध्यमवयीन, चारचौघांत नजरेत न भरणारा माणूस. पहिल्या सुमारे एक तृतीयांश भागात तो एकटाच आहे. आधी तो शास्त्रज्ञासारखा वागतो: नोंदी करतो, निरोप ठेवतो, शोध घेतो. मग मालकासारखा: मोठ्या बंगल्यात राहायला जातो, दुकानांतून हवं ते उचलतो. आणि मग हळूहळू तुटतो. बायकांचा झिरझिरीत झगा घालून, बंगल्याच्या सज्जात उभा राहून, खाली मांडलेल्या पुठ्ठ्याच्या पुढाऱ्यांसमोर तो स्वतःला या निःशब्द पृथ्वीचा राष्ट्राध्यक्ष घोषित करतो. टाळ्या टेपवरून वाजतात. वर्णन वाचून हसू येईल. बघताना येत नाही. त्यानंतर बंदूक घेऊन तो चर्चमध्ये शिरतो, तो प्रसंग तर मी इथे सांगणारही नाही.

२०२०च्या एप्रिलमध्ये आमच्या पुण्यातल्या एरवी हॉर्नने किटलेल्या चौकात दुपारी दोन वाजता कबुतरांच्या पंखांचा आवाज ऐकू येत होता. तेव्हा हा सिनेमा मला आठवला होता, आणि त्यानंतर पुन्हा पाहिला तेव्हा पहिला अर्धा तास बघणं जड गेलं. ज्यांनी ते महिने एकट्याने एका खोलीत काढले त्यांना आधीच सांगून ठेवतो: ही पहिली तीस-पस्तीस मिनिटं तुमच्या अंगावर येतील.

पुढे जोआन भेटते, आणि नंतर आपी नावाचा माओरी माणूस. इथून सिनेमा उतरतो. इतका वेळ साऱ्या अस्तित्वाचा प्रश्न पेलणारी गोष्ट दोन पुरुष आणि एक बाई या ओळखीच्या त्रिकोणात शिरते. ॲलिसन राउटलेज आणि पीट स्मिथ दोघेही मनापासून काम करतात, पण जोआनला लेखकांनी स्वतःचा असा प्रश्नच दिलेला नाही. गोरा आणि माओरी यांच्यातला ताण दोन-तीन प्रसंगांत धारदारपणे येतो आणि मग सोडून दिला जातो. मला याचं वाईट वाटतं, कारण जगात तीनच माणसं उरली असताना जुना वर्णभेद उरतो का, हा विचार त्रिकोणापेक्षा कितीतरी मोठा होता. शास्त्रीय स्पष्टीकरणही तपासायला गेलात तर हातात फार काही राहत नाही: विश्वातले काही स्थिरांक बदलू लागलेत, सूर्य अस्थिर झालाय, एवढ्यावर भागवायचं. विज्ञानकथेत गणित जुळलंच पाहिजे असं ज्यांना वाटतं, ते इथे चिडतील.

पण त्या ढिल्या विज्ञानामागे एक खरी चीड आहे. प्रकल्प अमेरिकेच्या पुढाकाराने चाललेला, छोट्या देशातल्या शास्त्रज्ञांना माहिती अर्धवट दिलेली, आणि परिणाम मात्र सगळ्यांच्या वाट्याला. हा सिनेमा आला त्याच वर्षी न्यूझीलंडने अमेरिकेच्या एका युद्धनौकेला बंदरात येऊ दिलं नव्हतं, कारण ती अण्वस्त्रं घेऊन आली आहे की नाही हे अमेरिका सांगायला तयार नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये अणुचाचण्यांना विरोध करणाऱ्या 'रेनबो वॉरियर' या जहाजाला फ्रेंच हेरांनी ऑकलंड बंदरात बुडवलं. ही पार्श्वभूमी डोक्यात ठेवून झॅकचा अपराधभाव बघा. मोठ्यांच्या खेळात आपण मान हलवली, एवढाच त्याचा गुन्हा आहे, आणि तो त्याला झोपू देत नाही. 'मॅड मॅक्स'मध्ये असा अपराधभाव कुणालाच नाही. तिथे राग आहे, आणि शेवटी रागही गोठून जातो.

शेवटांची तुलना केली तर माझा कौल स्पष्ट आहे. 'मॅड मॅक्स' बेडी, करवत आणि गळणारं पेट्रोल एवढ्या तीन वस्तूंत संपतो. क्रूर, आटोपशीर, आणि आधीच्या सगळ्या गोष्टीचं फळ वाटावं असा. 'द क्वाएट अर्थ'चं शेवटचं दृश्य मात्र अर्थ सांगत नाही. समुद्रकिनारा, एक माणूस आणि क्षितिज. ते बघून मी पहिल्यांदा कितीतरी वेळ नुसता बसून होतो. त्याचा अर्थ लावायचे चार रस्ते आहेत आणि चारही कुठेतरी अडतात. हा दोष मानायचा की देणगी, यावर तुमची निवड बरीचशी ठरेल. मधली ढिलाई त्या दीड मिनिटात फिटते, असं माझं मत आहे.

मग निवड कशी करायची? चार मित्र जमलेत, गप्पा चालणार आहेत, मध्येच कुणी उठून चहा टाकणार आहे, तर 'मॅड मॅक्स' लावा. तो मोठ्या पडद्यावर आणि मोठ्या आवाजात खुलतो, आणि मधला भाग रेंगाळला तरी सोबतीत निभतो. स्वतः लघुपट करायची इच्छा असेल, तरीही आधी तोच. पैसे नसताना कॅमेरा कुठे ठेवायचा आणि कात्री कुठे चालवायची, याचा इतका चांगला धडा मला दुसरा माहीत नाही. एकटे असाल, रात्र झाली असेल, तर 'द क्वाएट अर्थ'. आणि कुठलीही अट न घालता विचारलंत, तर मी 'द क्वाएट अर्थ' आधी म्हणेन. 'मॅड मॅक्स'चा वारसा तुम्ही पुढच्या शंभर सिनेमांतून नकळत पाहिलेला आहे; ब्रूनो लॉरेन्ससारखा एकटा माणूस क्वचितच पाहिला असेल.

ज्यांच्याकडे अर्धाच तास आहे त्यांनी दोन्ही बाजूला ठेवून क्रिस मार्करचा १९६२चा फ्रेंच 'ला जते' बघावा. २८ मिनिटं, जवळपास संपूर्ण स्थिर छायाचित्रांत सांगितलेला; चित्र हलतं ते फक्त एकदा, काही क्षणांपुरतं. निवेदनावर चालणारी गोष्ट ज्यांना कोरडी वाटते त्यांना तो दूरचा वाटेल. मला नाही वाटला.

लहान मुलांसोबत बघायचा बेत असेल तर दोन्ही नकोत. 'मॅड मॅक्स'मध्ये बाई आणि मूल यांच्यावरची हिंसा आहे, एका जोडप्यावर टोळीने केलेला हल्ला आहे, आणि तो न दाखवताही अंगावर काटा आणतो. 'द क्वाएट अर्थ'मध्ये नग्नता आहे आणि आत्महत्येचा विषय थेट येतो. सध्या मन थाऱ्यावर नसेल तर तो पुढे ढकला, सिनेमा कुठे जात नाही.

बघायला बसण्याआधी दोन कामं करा. 'मॅड मॅक्स' लावताना पहिल्या मिनिटात आवाज तपासा. अमेरिकेत तो आला तेव्हा ऑस्ट्रेलियन उच्चार कळणार नाहीत म्हणून जवळपास सगळे संवाद अमेरिकन आवाजांत पुन्हा भरले होते, आणि ती आवृत्ती अजून फिरते. तिच्यात गिब्सनचाही स्वतःचा आवाज नाही. मूळ ऑस्ट्रेलियन आवाजातलीच शोधा. आणि 'द क्वाएट अर्थ' शोधताना त्याच्या पोस्टरकडे बघू नका. ज्या शेवटच्या दृश्यासाठी हा सिनेमा बघायचा, तेच दृश्य कुणीतरी पोस्टरवर छापून ठेवलंय. नाव टाका, डोळे बाजूला करा, सुरू करा. पहिलं दृश्य समुद्रावरच्या सूर्योदयाचं आहे. ते संथ आहे, पण पुढे ढकलू नका. शेवटच्या क्षितिजाशी पोचाल तेव्हा ते लागणार आहे.