बाहेरचा वार: लेकीच्या विशेष शाळेतल्या जीवनकौशल्य वर्गाचा अनुभव, जून ते मार्च

माझी लेक पंधरा वर्षांची आहे. डाउन सिंड्रोम, मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता. नाशकातल्या एका विशेष शाळेत ती लहानपणापासून जाते आणि मागच्या जूनपासून पूर्व-व्यावसायिक गटात आहे. या गटात वही-पेन्सिल कमी झाली आणि बाजार, बस, स्वयंपाकघर, सहली, सणावाराला लोकांसाठी करायची कामं वाढली. बऱ्याच पालकांना नेमकं हेच खटकतं. "सारखं फिरायलाच नेतात, शिकवतात कधी?" हे शाळेच्या गेटवर नेहमी कानावर येतं. हे सगळं महिनोन्महिने जवळून बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय. या वयाच्या मुलांसाठी शाळेतला सगळ्यात उपयोगाचा भाग हाच आहे, पण अट अशी की मुलांना त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा न्यायला हवं आणि हळूहळू मदत कमी करायला हवी. तसं होत नसेल तर ती नुसती ट्रिप.

शाळेचं नाव लिहीत नाही. तुमच्या मुलाच्या शाळेत असा वर्ग असेल तर तो नीट चाललाय का, हे तुम्हाला ओळखता यावं म्हणून लिहितेय.

सुरुवात जूनमधल्या आराखड्यापासून झाली. शाळा एफएसीपी वापरते. बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली ही तपासणी यादी बऱ्याच विशेष शाळांत असते. जेवणं, कपडे, पैसे, वेळ, घरकाम अशा एकेका गोष्टीत मूल कुठवर आलंय ते त्यात मांडतात आणि साधारण ८० टक्के जमलं की पुढच्या गटात घेतात. ते ठीकच. पण वर्गाच्या शिक्षिकेने, म्हणजे ताईंनी, आम्हाला समोर बसवून विचारलं, "घरी तिला काय यायला लागलं तर तुमचं काम खरंच हलकं होईल?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आम्ही चार गोष्टी सांगितल्या: जवळच्या जवळ भाजी आणणं, बसमध्ये नीट वागणं, पाळीच्या दिवसांत स्वतःचं स्वतः बघणं आणि एक तरी पदार्थ. वर्षभराचा आराखडा त्यावरच बेतला.

भाजीबाजाराबद्दल सविस्तर लिहिते, कारण खरं शिकणं तिथेच दिसलं. आपल्याकडे बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो. शाळेचा बाहेरचा वार म्हणून तोच ठरला. गर्दी व्हायच्या आत सकाळी जायचं, ठरलेल्या मावशींकडेच जायचं, घ्यायचं ते दोनच जिन्नस: कोथिंबिरीची जुडी आणि लिंबं. मंगळवारी वर्गात तालीम. टेबलावर खोटा बाजार मांडायचा, चित्रांची यादी हातात, पिशवी खांद्याला. वजाबाकीच्या वाटेला कुणी जात नाही. "पुढची नोट" शिकवतात, म्हणजे भाव अठरा सांगितला तर वीसची काढायची, त्रेचाळीस म्हटलं तर पन्नासची. उरलेले पैसे मिळेपर्यंत हात पुढे ठेवून थांबायचं, मोजायची गरज नाही. हे तिला जमलं. बेरीज-वजाबाकीत आमची कितीतरी वर्षं गेली होती.

नोटांचा घोळ मात्र झाला. नवी पन्नासची नोट निळी आणि जुनी शंभरचीही निळसर. ती रंगावरून नोटा ओळखत होती, त्यामुळे जुनी शंभरची हातात आली की गडबड. ताईंनी लगेच रंगाऐवजी कोपऱ्यातला आकडा बघायची सवय लावली. त्यासाठी पाकिटाच्या कप्प्यांवरही आकडे चिकटवले. पाकीट अजून तेच चालू आहे.

ऑक्टोबरच्या सुमारास मी एकदा लांबून बघायला गेले होते. सुरुवातीला ताई तिचा हात धरून असायच्या, मग कोपराला नुसता स्पर्श, मग फक्त तोंडी सूचना. त्या दिवशी त्या दोन टोपल्या पलीकडे कांदे निवडत उभ्या होत्या. लेक म्हणाली, "मावशी, एक जुडी." मावशी म्हणाल्या, "पंधराला दोन देते, घे की." हे तालमीत नव्हतं. ती गप्प झाली. यादीतलं चित्र बघितलं, ताईंकडे बघितलं. ताईंनी मुद्दाम मान वर केली नाही. मध्ये बराच वेळ गेला, मागच्या बाईने पिशवीने ढकललंसुद्धा. मग लेकीने एक बोट वर केलं आणि म्हणाली, "एकच. घरी आहे." घरी कोथिंबीर होती की नाही ते जाऊ द्या, नाही म्हणायचा रस्ता तिने स्वतः शोधला होता. त्या क्षणी ताई पुढे झाल्या असत्या तर हे कधीच दिसलं नसतं.

म्हणून मी त्याच त्या जागेवर इतका भर देतेय. दर आठवड्याला नवी जागा दाखवली की आपल्या मुलांची सगळी ताकद आवाज, वास, माणसं ओळखण्यातच संपते, शिकायला काही उरत नाही. आणि एका जागी शिकलेलं दुसरीकडे आपोआप लागू होत नाही, तेही शिकवावं लागतं. दिवाळीनंतर ताईंनी बाजाराऐवजी किराणा दुकान घेतलं, तेव्हा ती काउंटरपुढे नुसती उभी राहिली, कारण वस्तू समोर मांडलेल्या नव्हत्या, मागाव्या लागत होत्या. पुन्हा आठवडे गेले. आता आमच्या कॉलनीतल्या वाण्याकडून ती दही आणि बिस्किटं आणते. मी गेटपाशी उभी असते. वाणी "सुट्टे नाहीत, स्कॅन कर" म्हणाला की गाडी अजून अडते. यावर शाळेकडेही नीट उत्तर नाही. बहुतेक व्यवहार मोबाइलवर होणार असतील तर या मुलांना काय शिकवायचं, हा सगळ्याच विशेष शाळांपुढचा प्रश्न आहे आणि त्यावर घाईने काम व्हायला हवं.

बसचं प्रकरण अर्ध्यावर आहे. २०२१च्या जुलैत सिटीलिंक ही नाशिकची शहर बससेवा सुरू झाली, तिच्याच सीबीएस-नाशिकरोड फेऱ्यांवर शाळेने सराव ठेवलाय. लेकीला वाचता येत नाही, म्हणून शालिमार, द्वारका, बिटको अशा थांब्यांचे फोटो काढून एका रिंगमध्ये ओवून दिलेत. थांबा गेला की फोटो उलटायचा. वर्गात खुर्च्या मांडून कंडक्टर-कंडक्टर खेळायचे, त्यात ती पटाईत झाली. खऱ्या बसमध्ये उभं राहायची वेळ आली की अजून घाबरते. खांब घट्ट धरते, फोटो उलटायला हात मोकळा राहत नाही. एकटीने प्रवास फार लांब आहे आणि शाळेनेही तसं आश्वासन दिलेलं नाही. कुठलीही शाळा वर्षभरात मूल एकटं बसने फिरेल असं सांगत असेल तर जरा जपून.

आता मोठ्या सहली. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला नेलं, ते मला फार आवडलं. निफाड तालुक्यातलं हे पाणथळ जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलंच. मुलांसाठी त्यातली जमेची बाजू म्हणजे शांतता. वर्गात टेबल सरकलं तरी कानावर हात घेणारा एक मुलगा तिथे दुर्बिणीसाठी आपला नंबर येईपर्यंत थांबला. जांभळी पाणकोंबडी मोठी, रंग ठळक, चोच लाल, त्यामुळे दुर्बीण नीट धरता न येणाऱ्यांनाही दिसली. डबा, टोपी, पाणी, जादा कपडे ही पिशवी मुलांनीच चित्रयादी बघून भरली होती. घरी आईने पिशवी भरायची नाही, असं शाळेने आधीच बजावलं होतं. पांडवलेणीला पायऱ्या चढताना आमची लेक दमली. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू मुळातच सैल असतात. उतरताना पायरीचा अंदाजही तिला नीट येत नाही. तिला पायथ्याशी फाळके स्मारकात थांबवून तिथलं तिकीट काढायचं काम दिलं. असा पर्याय आधीच ठरवून ठेवलेला असणं मला महत्त्वाचं वाटतं. रेल्वेने मनमाडलाही जाऊन आले. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला आणि सोबतच्या एका माणसाला सेकंड आणि स्लीपर वर्गात ७५ टक्के सवलत असते. अनेक पालक ती घेतच नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते.

वॉटर पार्कची सहल मात्र चुकीची होती आणि मी ते शाळेत स्पष्ट सांगितलं. कर्कश गाणी, घसरगुंड्यांवर धक्काबुक्की, मुलांच्या मानाने सोबत माणसं कमी. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेतला वरचा सांधा ढिला असतो, त्यांना असे झटके धोक्याचे. डॉक्टरांना विचारून संमती आणा, असं पत्रसुद्धा घरी आलं नव्हतं. आम्ही तिला पाठवलं नाही. जे गेले त्यांतले दोघे-तिघे दिवसभर ताईंना चिकटून बसले होते म्हणे. शिकवायचं काय होतं, हे कुणालाच सांगता आलं नाही.

समाजासाठीच्या कामांत गणपती विसर्जनाच्या दिवशी गोदाकाठी निर्माल्य गोळा करणं हे सगळ्यात उत्तम. मुलं मोठे क्रेट घेऊन उभी होती. लोक हार-फुलं त्यांच्या हातात देत होते आणि नमस्कार करून पुढे जात होते. एरवी याच मुलांकडे लोक कीव केल्यासारखं बघतात, तिथे ती काम करणारी माणसं होती. नंतर शाळेत फुलं वेगळी, दोरा वेगळा, प्लास्टिक वेगळं असं निवडायचं काम आठवडाभर पुरलं. खत झालं ते आसपासच्या सोसायट्यांना दिलं, पोचवायलाही मुलंच गेली.

दिवाळीच्या पणत्यांबद्दल माझी तक्रार होती. स्टॉलवरच्या सुबक पणत्या बघून लोक कौतुक करत होते, पण त्यांवरचं बारीक काम मदतनीस आणि काही पालकांनी केलं होतं, आणि मुलं पाहुण्यांसोबत फोटोसाठी रांगेत उभी. पालकसभेत आम्ही तिघी-चौघींनी हा विषय काढला. ताईंनी ऐकून घेतलं. संक्रांतीला तिळगुळाच्या पाकिटांच्या वेळी वजन करणं, भरणं, चिकटवणं, विकणं सगळं मुलांकडे होतं. पाकिटं थोडी वाकडी होती, पण सगळी खपली.

पाळीचा विषय बऱ्याच शाळा टाळतात. इथे आधी वर्गात पॅडवर लाल शाईचं पाणी टाकून बदलायचं कधी, गुंडाळायचं कसं, टाकायचं कुठे हे क्रमाने शिकवलं. बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला चित्रं लावली, तशीच आम्हाला घरी लावायला दिली. अंगाला कुणी, कधी, कशासाठी हात लावलेला चालतो हेही त्याच वर्गात. आता पहिल्या दिवशी मी लागते, पुढचे दिवस ती स्वतः सांभाळते. माझ्यासाठी वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

स्वयंपाकात शाळेत इंडक्शन, घरी गॅस, त्यामुळे तिकडचं इकडे आलं नाही. शेवटी मीच ताईंना घरच्या ओट्याचे फोटो पाठवले आणि कुकर लावायचं शिकवणं आम्ही दोघींनी मिळून केलं. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, वाटीला रंगीत टेप. शिट्ट्यांची मोजणी चुकायची, म्हणून ताईंनी सुचवलं की दोरीवर कपड्यांचे तीन चिमटे लावायचे, शिट्टी झाली की एक काढायचा. चिमटे संपले की मला हाक मारते आणि गॅस मी बंद करते. मुलग्यांना स्वयंपाक कशाला, असं दोन-तीन बाबा म्हणाले होते. ताईंनी आराखड्यातून तो काढला नाही, हे फार बरं केलं.

त्रुटीही आहेत. वर्षाच्या मध्यात एक ताई सोडून गेल्या आणि नव्या ताईंना मुलं कळेपर्यंत बसचा सराव थांबला. डायरीत नोंदी अनियमित येतात, बुधवारी काय जमलं ते विचारल्याशिवाय समजत नाही. मे महिन्याची सुट्टी या मुलांना जड जाते, तेवढ्यात शिकलेलं बरंच पुसलं जातं. सुट्टीत घरी काय चालू ठेवायचं याचा कागद या वेळी मी आत्ताच मागून ठेवलाय.

मोठ्या मुलांच्या पालकांसाठी आणखी एक. अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याने मूल सज्ञान होतं आणि पुढे पालकत्वासाठी १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. आमच्या शाळेने या वर्षी पालकांना बसवून हे समजावलं आणि मुलांना सही शिकवायला घेतली. लेकीची सही म्हणजे नावाचं पहिलं अक्षर आणि खाली रेघ. बँकेत ती दर वेळी सारखी यावी म्हणून रोज पाच मिनिटं सराव चालू आहे.

शाळा बघायला जाणार असाल तर ऑफिसातून परत येऊ नका. बाहेरचा वार कुठला ते विचारा आणि त्या दिवशी लांबून बघू द्या म्हणा. मागच्या महिन्यात हेच मूल कुठे गेलं होतं आणि तेव्हा किती मदत लागली होती, याची नोंद दाखवायला सांगा. स्वमग्न मुलांसाठी गर्दीतून बाजूला काढायची सोय, व्हीलचेअरवरच्या मुलांसाठी गाडी आणि संडास, फिट येणाऱ्यांसाठी औषध कोणाकडे असतं, हे स्वतंत्रपणे विचारा. आमच्याकडे यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीची उत्तरं मिळतात. व्हीलचेअरच्या गाडीची सोय अजून नाही, त्यामुळे लेकीच्या वर्गातली एक मुलगी बुधवारी बहुतेक वेळा मागेच राहते. पालकांनी मिळून शाळेला पत्र दिलंय, जूनच्या आत त्यावर निर्णय हवाय.