फुप्फुसाच्या जुनाट आजारांची रुग्णनोंदवही: ओपीडीतून की गावातून?

सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणं), आयएलडी (फुप्फुसाच्या ऊतींना सूज येऊन व्रण पडणारे आजार) किंवा टीबी बरा झाल्यावरही न हटणारी धाप यांवर संशोधन करायचं, तर नोंदवही कुठून भरायची हे आधी ठरवा. सॉफ्टवेअरचं नंतर पाहता येतं.

ओपीडीतली नोंदवही स्वस्त पडते. एक प्रशिक्षित सिस्टर, एक स्पायरोमीटर (फुंकून श्वास मोजायचं मशीन) आणि रोज मशीन तपासायला ३ लिटरची सिरिंज एवढ्यात भागतं. निदानही पक्कं होतं: स्पेसरमधून (इनहेलरला जोडायच्या नळीतून) ४०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल हे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध द्या, १५ मिनिटं थांबून पुन्हा फुंकायला लावा, एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) आणि एफव्हीसीचं (जोरानं फुंकून बाहेर पडलेली एकूण हवा) गुणोत्तर ०.७० च्या खाली आलं तर सीओपीडी धरा. घोळ होतो तो फुंकण्यात. पेशंट दोन-तीन सेकंदांत थांबला की एफव्हीसी कमी येते, गुणोत्तर फुगतं आणि आजार कागदावर दिसतच नाही. म्हणून चांगल्या ३ फुंकरी हव्यात, त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन १५० मिलीच्या फरकात. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, तर आधी टीबीसाठी थुंकी तपासा, मग मशीन.

आयएलडीसाठी हाच मार्ग, कारण सीटी स्कॅनशिवाय ते निदान होत नाही. २०१२ ते २०१५ दरम्यान २७ केंद्रांनी मिळून भारताची आयएलडी नोंदवही भरली. १,०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस (श्वासातून गेलेल्या बुरशी-धुळीच्या अ‍ॅलर्जीनं फुप्फुसाला येणारी सूज) निघाला आणि एअर कूलरकडे बोट गेलं. विदर्भात तर कूलर घरोघरी. ‘कूलर आहे का?’ एवढं विचारून उपयोग नाही. ताट्यांतलं गवत कधी बदललं, टाकी कधी धुतली, वर्षातून किती महिने चालतो, हेही लिहा.

पण ओपीडीत येतो तो फार धापलेला, किंवा ज्याच्याकडे एसटीचं भाडं आहे तो. चुलीत पऱ्हाट्या-तुराट्या जाळणारी बाई धापेला वय समजून घरीच बसते. या नोंदींवरून ‘तालुक्यात इतके टक्के सीओपीडी’ असं काढाल तर ते चुकणारच.

ते हवं असेल तर गावं निवडा. आशाताईकडे साधारण १,००० लोकसंख्या असते, आणि तिशीपुढच्यांच्या सीबॅक फॉर्ममध्ये (आशाताई भरते तो आजारांच्या जोखमीचा फॉर्म) स्वयंपाकाचं इंधन नि धाप विचारलेली असतेच. तेच प्रश्न नव्यानं छापू नका. सोयाबीन काढणीपासून कापूस वेचणीपर्यंत दिवसा घरं बंद, तेव्हा संध्याकाळी जा. गाडीत तापलेलं मशीन खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच सिरिंज लावा.

एकच सिस्टर असेल तर आमचं मत ओपीडीच्या बाजूनं, २५ रकान्यांपुढे न जाता. धूर हाच प्रश्न असेल तर मात्र चार गावं का होईना, पण घरोघरच. दोन्हीकडे गळती फॉलोअपला होते: सिम बदलतं, माणूस मजुरीला परगावी जातो. दोन नातेवाइकांचे नंबर पहिल्याच दिवशी घ्या. आणि मृत्यूसाठी वेगळा रकाना ठेवा, नाहीतर गेलेला माणूस ‘आला नाही’ मध्ये जमा होतो.