ॲप दुरुस्त झालं, म्हणूनच संशय आला नाही

त्या माणसानं माझं ॲप खरोखरच चालू करून दिलं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण फसवणूक म्हटली की पैसे घेऊन, काम न करता पसार झालेला माणूस डोळ्यांसमोर येतो. माझं काम झालं होतं. मी समाधानानं पैसे दिले, मनापासून आभार मानले आणि पुढचे अकरा दिवस निर्धास्त राहिले. त्या अकरा दिवसांत माझ्या नावानं काय काय झालं, ते लिहायला बसले आहे.

मी भाषांतराचं काम करते. माझा रोजचा एक शब्दकोश फक्त अँड्रॉइडवर मिळतो. दर दोन मिनिटांनी फोन उचलायचा, छोट्या पडद्यावर शब्द शोधायचा आणि पुन्हा कीबोर्डकडे वळायचं, यात वाक्याची लय हातातून सुटते. म्हणून संगणकावर इम्युलेटर घातला. इम्युलेटर म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा आख्खा अँड्रॉइड फोनच. वर्षभर छान चाललं. मग इम्युलेटरचं एक अपडेट आलं आणि दुसऱ्या दिवसापासून गडबड सुरू झाली. शब्दांची यादी दिसायची, पण अर्थ पाहायला शब्दावर क्लिक केलं की ॲप बंद पडायचं. कारण काहीच नाही, नुसता ‘ॲप थांबले आहे’ एवढा निरोप. कॅशे पुसला, ॲप काढून पुन्हा घातलं, संगणक बंद करून चालू केला. शब्दावर बोट ठेवलं की पुन्हा तेच.

एक मोठं काम दोन दिवसांत द्यायचं होतं. इम्युलेटरच्या नावापुढे ‘मदत’ असं टाकून शोधलं, तर सगळ्यात वर एक फोन नंबर आला. तो जाहिरातीतला होता, कंपनीचा नव्हे, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी वरचा नंबर पाहिला आणि फोन लावला.

बोलणारा माणूस शांत होता, घाई अजिबात नव्हती. “मॅडम, ॲप कुठे बंद पडतं? उघडतानाच, की आत गेल्यावर?” हा त्याचा पहिला प्रश्न. इतका नेमका प्रश्न विचारणारा माणूस जाणकारच असणार, असं मला वाटलं, आणि तो जाणकार होताही. पुढे त्यानं दुसऱ्याचा संगणक लांबून हाताळायचं एक सॉफ्टवेअर घालायला सांगितलं आणि त्यावर दिसणारा कोड विचारला. मी सांगितला.

मग त्यानं विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला, म्हणजे संगणक स्वतःच्या घडामोडी टिपतो ती नोंदवही. त्यात लाल-पिवळ्या खुणांच्या शेकडो ओळी. “मॅडम, हे बघा, तुमच्या सिस्टीममध्ये किती एरर आहेत. इम्युलेटर याच्यामुळे पडतोय.” मी हादरले. खरं तर कुठल्याही धडधाकट संगणकावर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, अशा ओळी भरलेल्याच असतात. एखादी सेवा सुरू व्हायला दोन सेकंद उशीर झाला तरी तिथे नोंद होते. त्या नोंदींचा आणि माझ्या शब्दकोशाचा काडीचा संबंध नव्हता. तुम्हाला कोणी ती यादी दाखवून घाबरवू लागला, तर तिथल्या तिथे फोन ठेवा.

“आता अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करतो, तो इम्युलेटरला अडवतोय,” तो म्हणाला. हे खोटं मला का पटलं, तेही सांगते. काही अँटिव्हायरस प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे एका संगणकाच्या आत दुसरा चालवायची, सोय स्वतःसाठी वापरतात आणि इम्युलेटरलाही तीच हवी असते. त्यातून क्वचित खरोखर अडथळा येतो, आणि मी तसं कुठेतरी वाचलंही होतं. पण तसं झालं तर इम्युलेटर मुळात सुरूच होत नाही किंवा रडतखडत चालतो. एका ॲपमधल्या एकाच क्लिकवर तो पडत नाही. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

त्यानंतर पडदा काळा झाला. “ड्रायव्हर बदलतोय, घाबरू नका, काही दाबू नका.” ग्राफिक्सचा ड्रायव्हर घालताना पडदा एखाद-दोन सेकंद काळा होतो हे खरं आहे. माझा सुमारे वीस मिनिटं काळा होता. लांबून हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये समोरच्याचा पडदा झाकून ठेवायची सोय असते. ती दिली आहे कार्यालयातल्या गोपनीय कामासाठी, त्यानं वापरली माझ्यावर.

पडदा परत आला. शब्दकोश उघडला, शब्दावर क्लिक केलं, अर्थ आला. मला इतका आनंद झाला की त्यानं मागितलेली रक्कम मी लगेच भरली. त्यानं आपणहून सांगितलं, “अँटिव्हायरस पुन्हा चालू केलाय, मॅडम.” ते वाक्य ऐकून उरलासुरला विचारही मनातून गेला.

बाराव्या दिवशी एका संस्थेतून फोन आला. त्यांचं काम मी बरीच वर्षं करते. हिशेब बघणाऱ्या बाई म्हणाल्या, “ताई, तुम्ही खातं बदललं म्हणून कळवलंत ना, त्या नव्या खात्यात पैसे टाकलेत. मिळाले का?” मी काहीच कळवलं नव्हतं. त्यांनी ईमेल वाचून दाखवला. पत्ता माझाच, सहीच्या जागचा मजकूर माझाच, जुन्याच बिलाच्या धाग्यात दिलेलं उत्तर. वाक्यांची धाटणीसुद्धा माझी, कारण लिहिणाऱ्यानं माझे जुने ईमेल वाचले होते.

मग एवढे दिवस मला काहीच कसं दिसलं नाही? ईमेलच्या सेटिंगमध्ये मी न केलेला एक फिल्टर होता. त्या संस्थेकडून आलेला प्रत्येक ईमेल वाचलेला धरून थेट कचऱ्यात जात होता. त्यांचं ‘नवीन खात्याची खात्री करून द्याल का?’ असं विचारणारं पत्र तिथेच पडलेलं सापडलं. त्यांनी विचारलं होतं, आणि माझ्या वतीनं भलत्यानंच ‘हो’ म्हटलं होतं. ते पत्र वाचताना मला रडू आलं. आणखी एका ग्राहकाला तसाच ईमेल गेला होता, पण त्यांनी पैसे भरण्याआधी मला फोन केला.

माझ्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी होती, तरी हे झालं. पडताळणीचा कोड लॉगिन करताना विचारला जातो. एकदा लॉगिन झालं की ब्राउझरमध्ये कुकी साठते. तीच पुढे ‘ही व्यक्ती आधीच आत आलेली आहे’ याचा दाखला असते. ती कुकी चोरून दुसऱ्या संगणकावर घातली की कोड विचारलाच जात नाही. संगणकात जाणकार असलेल्या माझ्या भाच्यानं अँटिव्हायरसची ‘या फोल्डरकडे दुर्लक्ष करा’ ही यादी उघडली. तिथे एक फोल्डर जोडलेला होता. अँटिव्हायरस चालू होता खरा, पण नेमकी ती जागा सोडून. यादीतून तो फोल्डर काढल्याबरोबर पासवर्ड आणि कुकी चोरणारा प्रोग्राम पकडला गेला. लांबून हाताळायचं सॉफ्टवेअरही मी काढलं असं समजत होते, ते दर वेळी संगणकाबरोबर सुरू होत होतं आणि मला न विचारता आत येण्याचा पासवर्ड त्यात घालून ठेवलेला होता.

आम्ही संगणकाचं इंटरनेट तोडलं आणि पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलले. त्याच संगणकावरून बदलले असते तर नवेही चोराला मिळाले असते. मग सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट, फिल्टर, ईमेल पुढे पाठवायचे पत्ते आणि खातं परत मिळवायचा फोन नंबर यांची तपासणी, बँकेला कळवणं, पोलिसांत तक्रार. शेवटी विंडोज पुसून नव्यानं घातलं.

आणि नव्या विंडोजवर, नव्यानं घातलेल्या इम्युलेटरमध्ये, शब्दावर क्लिक केल्यावर ॲप पुन्हा बंद पडलं.

तेव्हा मला कळलं की माझ्या ‘सिस्टीममधल्या एरर’ कधीच कारण नव्हत्या. या वेळी आम्ही लॉग पाहिला, म्हणजे आत काय घडतंय ते अँड्रॉइड टिपत असतो ती नोंद. संगणकावरून अँड्रॉइडशी बोलायचं एडीबी नावाचं साधन गूगल फुकट देतं. इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये एडीबी चालू करायचं, जोडणी करायची आणि लॉग दाखवणारी लॉगकॅट ही आज्ञा चालवायची. ॲप पडण्याच्या क्षणी कोणत्या ओळी येतात तेवढंच बघायचं. ‘फेटल एक्सेप्शन’ दिसलं तर चूक बहुधा ॲपच्या स्वतःच्या जावा किंवा कोटलिन कोडमध्ये उघडकीला आलेली असते. ‘फेटल सिग्नल ११’ दिसलं तर खालच्या थरातली एखादी लायब्ररी, म्हणजे ॲप वापरतं तो तयार कोड, स्मृतीच्या चुकीच्या जागी गेलेली असते, आणि तिचं नाव खालीच छापलेलं असतं. आमच्याकडे सिग्नल ११ आला आणि खाली वेबव्ह्यू आणि ग्राफिक्सच्या लायब्रऱ्यांची नावं. शब्दांची यादी ॲप स्वतः काढत होतं, पण अर्थाचं पान वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे ॲपच्या आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये दाखवत होतं. म्हणूनच ते नेमकं त्या क्लिकवर पडत होतं. पडद्यावर चित्र काढायच्या ओपनजीएल आणि व्हल्कन अशा दोन पद्धती असतात. अपडेटनं इम्युलेटरचं ग्राफिक्स व्हल्कनवर नेलं होतं. ते सेटिंगमधून परत ओपनजीएलवर आणलं, इम्युलेटर पुन्हा सुरू केला, अर्थ दिसू लागला. चार क्लिकचं काम. त्या काळ्या पडद्यामागे दुरुस्ती म्हणून त्यानं एवढंच केलं असणार.

वेबव्ह्यू बिघडला तर खऱ्या फोनवरही ॲपं पडतात. मार्च २०२१मध्ये वेबव्ह्यूच्या एका सदोष आवृत्तीमुळे जगभर अनेकांच्या फोनवर ॲपं एकामागून एक बंद पडत होती, आणि गूगलनं नवी आवृत्ती दिल्यावर ती चालू झाली. म्हणून अशा वेळी इम्युलेटरच्या आतलं वेबव्ह्यूही अपडेट करून पाहावं.

तुमचं कारण वेगळं असू शकेल. बहुतेक फोनचे प्रोसेसर एआरएम घराण्यातले असतात, संगणकांचे बहुधा एक्स८६ घराण्यातले. ॲपमध्ये फक्त एआरएमसाठी बनवलेली लायब्ररी असेल, तर मधे दुभाष्या लागतो. गूगलच्या स्वतःच्या इम्युलेटरमध्ये तो २०२०पासून, अँड्रॉइड ११च्या प्रतिमांबरोबर, म्हणजे इम्युलेटरमध्ये घालायच्या तयार अँड्रॉइडबरोबर, आला. जुन्या अँड्रॉइडची प्रतिमा वापरत असाल तर नवी घालून पाहा. इम्युलेटरला दिलेली रॅम अपुरी असेल तर जड ॲप काही न सांगता बंद होतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते लिहिलेलं असतं. नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करावं लागतं. आणि बँकेची किंवा पैसे भरायची बरीच ॲपं इम्युलेटर ओळखून मुद्दाम बंद होतात. तो बिघाड नाही, तुमच्या पैशाची राखण आहे. ‘तेही चालू करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात संगणक देऊ नका, आणि तसलं ॲप इम्युलेटरमध्ये घालूही नका.

यातल्या कुठल्याही दुरुस्तीसाठी तुमचा ब्राउझर उघडावा लागत नाही, अँटिव्हायरसला फोल्डर वगळायला सांगावं लागत नाही, पडदा झाकावा लागत नाही. आणि मदत करणारा खरा असेल तर त्याला लॉग हवा असतो. माझ्या त्या शांत, जाणकार माणसानं सगळं विचारलं, लॉग मात्र एकदाही मागितला नाही.

गेल्या काही आठवड्यांत तुम्ही कोणाला असं आत घेतलं असेल आणि ॲप मजेत चालत असेल, तरी आज ईमेलचे फिल्टर उघडून पाहा. नंतर अँटिव्हायरसची वगळलेल्या फोल्डरांची यादी.

त्या संस्थेचे पैसे परत आले नाहीत. त्यांनी मला दोष दिला नाही, पण त्या बिलाची रक्कम दुसऱ्यांदा मागायची माझी हिंमत झाली नाही. आता मी बिल पाठवलं की हिशेबाच्या त्या बाई फोन करतात. मी खात्याचे शेवटचे चार आकडे तोंडी सांगते, त्या ते परत म्हणून दाखवतात आणि मगच पैसे सोडतात.