माझाच रिपोर्ट मला ७२ हजाराला विकला

परवा एका ग्रुपवर फोटो फिरत आला. लॅबचा रिपोर्ट, नावावर काळी पट्टी, खाली लाल अक्षरात '९० दिवसात एचआयव्ही मुळासकट गायब, पुणे'. तारीख बघितली, कोपऱ्यातला चहाचा डाग बघितला आणि पोटात गोळाच आला, तो रिपोर्ट माझा होता. म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर हे कुणाला सांगायची माझी हिंमत नव्हती.

मी आठ वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्यांवर आहे. सुरुवातीला एफाविरेन्झवाली गोळी होती, रात्री घेतली की सकाळपर्यंत डोकं गरगरायचं आणि स्वप्नं तर विचारूच नका. मग जिथून गोळ्या मिळतात त्या एआरटी सेंटरने बदलून टीएलडी दिली, टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर तिन्ही एकात, रोज एकच गोळी आणि तीही फुकट. त्रास काही नाही. पण आठ वर्षं रोज रात्री डबीचं झाकण उघडायचं म्हणजे रोज एकदा आठवायचंच ना, त्या कंटाळ्याला माणूस फसतो, आजाराला नाही.

सेंटरच्या बाहेर चहाच्या टपरीवर एक जण भेटला. "भाऊ, किती वर्षं चालू आहे?" एवढंच विचारलं. मी ओळख दाखवली नाही तरी त्याने नंबर दिला. आता कळतंय की गोळ्या घ्यायला येणाऱ्यांना हेरायला तो तिथेच उभा राहत असणार.

सिंहगड रोडला एका बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर खोली, बाहेर बोर्डावर फक्त 'आयुर्वेद सल्ला'. आत एक बाबा, त्याचं मात्र तोंडी सगळं, एचआयव्ही बरा करतो, लिहून काही नाही. बर्लिनचा तो टिमोथी ब्राऊन बरा झाला ना मग तुम्ही का नाही, असं मला ऐकवलं. त्याला ल्युकेमिया होता आणि त्यासाठी बोनमॅरो बदलला होता, हे मला नंतर समजलं.

आता खरी चलाखी ऐका. तो पहिल्या महिन्यात गोळ्या बंद करायला सांगतच नाही. "इंग्रजी औषध चालू ठेवा भाऊ, सोबत आपली पावडर." १८ हजार. महिन्याने त्याच्याच ओळखीच्या लॅबमध्ये व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ती टेस्ट, करायला लावला, त्याचे वेगळे ५ हजार, आणि रिपोर्ट आला 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे रक्तात व्हायरस सापडला नाही. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, व्हायरस गेला. मी खोलीत ढसाढसा रडलो. मग पुढचा 'मुळं काढायचा' कोर्स, ४९ हजार, आणि आता त्या गोळ्या बंद, किडनी जाते म्हणे. भिशी उचलून पैसे भरले.

त्यानंतर भूक जबरदस्त लागायला लागली, वजन सात किलो वाढलं, गाल टरारून फुगले, सोसायटीतले म्हणायचे तब्येत सुधारली. सेंटरमधून फोन यायचे, गोळ्या न्यायला का नाही आलात, मी कट करायचो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बरा झालो समजून आम्ही घरात काळजी घेणं सोडलं. बायको निगेटिव्ह आहे.

चौथ्या महिन्यात ताप आणि खोकला, उतरेचना. बायको म्हणाली, "अहो, आता तिथेच चला." शिव्या खायच्या तयारीने गेलो, पण समुपदेशक मॅडम काही बोलल्या नाहीत, माझं हिरवं पुस्तक, म्हणजे सेंटरची उपचाराची नोंदवही, उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्या बाबाकडे जायच्या आधी दहा महिने. व्हायरल लोड, टीएनडी. टार्गेट नॉट डिटेक्टेड. त्याच्या आदल्या वर्षीही तेच. सेंटरवाले वर्षातून एकदा टेस्ट करतात, फुकट, आणि "छान आहे" म्हणतात, मी कधी विचारलंच नाही की काय छान आहे!

डॉक्टरांनी मग नीट सांगितलं. गोळी रक्तातला व्हायरस दाबून ठेवते, पण काही पेशींमध्ये तो झोपलेला राहतो, त्या झोपलेल्यावर कुठल्याच गोळीचा परिणाम होत नाही. गोळी थांबली की बहुतेकांच्यात काही आठवड्यातच तो परत उठतो. माझा व्हायरल लोड लाखाच्या वर गेला होता, सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, ६४० वरून २९०. टीबी निघाला नाही, नशीब. इतर इन्फेक्शन टाळायला सेप्ट्रानची गोळी मागे लागली. शुगर २८० निघाली, डॉक्टरांना पावडरीत स्टिरॉइड असल्याचा दाट संशय, म्हणून स्टिरॉइडसुद्धा एकदम न तोडता गोळ्यांनी हळूहळू कमी करावं लागलं. बायकोची टेस्ट तेव्हा केली आणि तीन महिन्यांनी परत. ते तीन महिने मी कसे काढले ते लिहीत नाही. निगेटिव्ह आली.

बाबाकडे पैसे मागायला गेलो तर म्हणाला, "पोलिसात जा की, तुमचा रिपोर्ट माझ्या मोबाईलमध्ये आहे." यालाच घाबरून वर्षभर गप्प बसलो. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, संमतीशिवाय कुणाचं स्टेटस फोडता येत नाही आणि कोर्टात नाव झाकून केस चालवता येते, हे मॅडमनी सांगेपर्यंत माहीतच नव्हतं. एड्स बरा करतो असा दावा कुठल्याच औषधाला करता येत नाही, हेही नियमात आहे, म्हणूनच बोर्डावर काही नव्हतं.

टीएलडी परत सुरू आहे, सहा महिन्यांनी परत टीएनडी आला. अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिलाय, उरलेली पावडरही जमा केली. तुमच्या घरात कुणी गोळ्यांवर असेल तर आज त्यांचं हिरवं पुस्तक उघडून व्हायरल लोडचा शेवटचा आकडा बघा, कळला नाही तर सेंटरमध्ये विचारा नाहीतर १०९७ ला फोन लावा, फुकट आहे, मराठीतही बोलतात. आणि तो चहाचा डागवाला फोटो तुमच्याकडे आला तर पुढे पाठवू नका, ज्याने पाठवला त्याला हे पाठवा.